असुंताबाईंचं कपाट

१५ सप्टेंबर, रविवार. एडिसन

लतिका, तुझे गुडघे कसे आहेत? ते तेल चोळतेस का, की बाटली फडताळात नुसती उभी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? सूनबाईला थायरॉइडच्या गोळ्या सोसल्या का? धाकट्याचे दात आले असतील, ताप नाही ना आला? आणि मागच्या दारी येते ती एका डोळ्याची मांजरी, ती आहे ना अजून?

मी बरी आहे. हे काही तुला पोचायचं नाही. ही डायरी आहे. अनयानं आणून दिली, "आजी, रोज लिही, इट हेल्प्स" म्हणाली. पण कोणाची तरी विचारपूस केल्याशिवाय माझा हातच चालत नाही. तुला खरं पत्र लिहावं, तर तू उत्तर म्हणून फोनवर गुलाबाचं फूल पाठवतेस. म्हणून बहिणीला इथेच विचारते आणि इथेच सांगते.

तर अनया आली राहायला. सौमित्रची मुलगी. टेक्सासात अर्विंगला वाढली, आता इकडे न्यू ब्रन्सविकला औषधांच्या कंपनीत लागली. हे गेल्यापासून सौमित्रनं धोशा लावला होता, "आई, एकटी नको राहूस. घर विकू, इकडे ये." घर विकायचं म्हटलं की मी विषय बदलते. शेवटी ह्या पोरीनंच तोडगा काढला, "मी राहते ना आजीकडे." सौमित्र मला एकटीला फोनवर म्हणाला, "ठीक आहे. ती आहे तोवर तू एडिसनला. ती निघाली की घर मार्केटवर. मग रडारड नको, आई." म्हणजे माझं घर आता ह्या मुलीच्या पायाला बांधलंय. तिला हे कळू द्यायचं नाही असं आम्हा मायलेकांचं ठरलंय.

अडचण एकच. तिच्या खोलीतलं क्लॉझेट ह्यांचं आहे. आमच्या खोलीतलं माझ्या साड्यांनी भरलं, तेव्हापासून हे आपले कपडे तिकडेच ठेवायचे. मी तिला आल्या आल्या सांगितलं, बाकी घर तुझं, ते दार तेवढं उघडायचं नाही. "ओके, आजी," म्हणाली बिचारी. तिचे कपडे आता खुर्चीवर, खिडकीत, ट्रेडमिलवर. बघवत नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज जे पाहिलं त्यानं अजून तोंडाला चव नाही.

अनया म्हणाली, "आजी, एक एस्टेट सेल आहे, फर्निचर बघू." मला वाटलं दुकान असेल. दुकान कसलं! मेटचनच्या पलीकडचं एक राहतं घर. घरधनीण उन्हाळ्यात वारली, आणि आता तिच्या सगळ्या वस्तूंना लाल ठिपके चिकटवून दार जगाला उघडं. लोक बुटांसकट आत. एक जण तिचे चमचे भिंगातून बघत होता, चांदी आहे का म्हणून. एक बाई न्हाणीघरातून अर्धी वापरलेली पावडर घेऊन आली आणि विचारते, ही केवढ्याला! वर झोपायच्या खोलीत दोघीजणी तिच्या आतल्या कपड्यांचा खण उचकत खिदळत होत्या. मला राहवेना. इंग्रजीत पटकन "शेम!" एवढंच आलं तोंडातून. त्या दचकून म्हणाल्या, "ओ सॉरी मॅम, वॉज शी युअर मॉम?" नाही म्हटलं, आणि ओशाळले मात्र मीच.

त्याच खोलीत ते कपाट. चार दारांचं, निमुळत्या पायांवर उभं, पायांना पितळी टोपणं, दारांना पितळी किल्ल्या. अनया त्याच्यासमोर अशी उभी की देवळात आली आहे.

"आजी, मिड-सेंचुरी आहे. इटालियन. बघ ना!"

"बघितलं. चल."

कोपऱ्यात साठीची एक बाई अंगातला कोट न काढता बसली होती. ती म्हणाली, "माझ्या आजोबांनी केलंय. इटलीत, कांतू गावी. आईच्या लग्नात दिलं, मग बोटीनं इकडे आलं." ही मुलगी, लूसिया. आई असुंता. म्हणजे आपल्या रुखवतातलंच म्हणायचं. लूसियाच्या फ्लॅटमध्ये ते मावत नाही. अनयानं घेतेय म्हटल्यावर तिनं कागदावर आपला नंबर दिला, काही बिघडलं तर कळवा म्हणाली.

गाडीत मी म्हटलं, "अगं, पितृपक्षात कोणी वस्तू घरात आणतं का? तीही परक्या मेलेल्या बाईची?"

"आजी, प्लीज ना. मला कपडे ठेवायला जागा नको?"

मी बरं म्हटलं. का म्हटलं ते वर लिहिलंच आहे.

२२ सप्टेंबर, रविवार

कपाट आलं. सुटं सुटं करून आलं, देवांगच्या व्हॅनमधून. देवांग अनयाच्या ऑफिसातला. "जस्ट फ्रेंड आहे हं आजी," असं तिनं न विचारता सांगितलं.

जोडताना मी दारात नाकाला ओढणी लावून उभी. पण बघत होते. अख्ख्या कपाटाला एक खिळा नाही. बाजूच्या फळ्या खाचेत बसतात आणि वरून लाकडी पाचर ठोकली की झालं. प्रत्येक फळीच्या कडेला म्हाताऱ्यानं पेन्सिलीनं रोमन आकडे घातलेत. देवांगनं दुसऱ्या नंबरच्या जागी तिसरी फळी घातली, तर ती खाचेत बसेचना. योग्य फळी आली, आणि कुलूप लागावं तसा खट्ट आवाज झाला.

"आजी, हे बघा," देवांग म्हणाला, "ह्या चारही दारांवर अक्रोडाच्या एकाच ओंडक्याचे काप चिकटवलेत, कागदाएवढे पातळ. एकावर एक कापलेली पानं पुस्तकासारखी उघडून लावलीत. म्हणून नक्षी जुळते."

खरंच जुळते. पहिल्या दारावरची रेघ उठते ती चौथ्या दारावर जाऊन उतरते, मध्ये कुठे तुटत नाही. पण "लाकडाची कातडीच म्हणा ना" असं तो वर म्हणाला, आणि मी एक पाऊल मागे आले.

मी आयुष्यभर ओक ट्री रोडच्या बायकांचे ब्लाउज शिवले. कोणाकडे शिकले नाही, जुने उसवून उसवून शिकले. त्यामुळे वस्तू दिसली की आधी तिची आतली बाजू बघायची खोड. मी खण पूर्ण बाहेर काढून उलटा केला. मागची बाजू पुढच्यासारखीच गुळगुळीत. कोपरे बोटांत बोटं गुंतवावीत तसे. तिथे कोण बघणार होतं? तरी केलंय. एवढं मानलं. पण मानलं म्हणून घाण गेली असं नाही. खणाच्या सांदीत एक पांढरा केस होता. ईऽऽ.

आणि मग तो प्रकार. आत डावीकडे एक खण, उजवीकडे एक. मी डावा ढकलून बंद केला, तर उजवा आपोआप सरकत बाहेर आला. मी किंचाळलेच.

दोघं पोट धरून हसली. "आजी, हवा आहे ती! इतकं टाइट बनवलंय की आतल्या हवेला जायला जागा नाही. एक ढकलला की हवा दुसऱ्याला बाहेर ढकलते."

मला नाही पटलं. हवेला काय एवढी समज असते? असुंताबाईच ती.

२४ सप्टेंबर, मंगळवार

वास. डांबराच्या गोळ्या, सुकलेलं लॅव्हेंडर, तीच ती पावडर, आणि ह्या सगळ्याखाली माणसाचा. परक्या अंगाचा, शिळा, गोडसर. जिना उतरून स्वयंपाकघरात येतो. आज आमटीलासुद्धा तोच वास वाटला, ताट बाजूला सारलं.

संध्याकाळी वाटीत निखारा घेऊन कपाटात ऊद घातला. धूर भरला आणि छतावरचा अलार्म जो कोकलायला लागला! अनया ओल्या केसांनी धावत आली.

"आजी, आर यू ट्राइंग टू बर्न माय वॉर्डरोब?"

"शुद्ध करतेय गं."

हसली. मग मीही हसले. पोरगी गुणाची आहे.

ह्यांच्या क्लॉझेटचं दार मात्र मी घट्ट लावून फटीत टॉवेल कोंबला. त्या बाईचा वास आमच्यात शिरायला नको, आणि आमचा बाहेर जायला नको.

२६ सप्टेंबर, गुरुवार

ह्यांची तिथी. खीर, वडे, गवारीची भाजी. पान वाढून मागच्या अंगणात ठेवलं, खार येऊन गेली. अनयानं ऑफिसला उशिरा जाऊन माझ्यासोबत जेवण केलं. "आबांना गवार आवडायची ना?" म्हणाली. आवडायची कसली, माझ्या भीतीनं खायचे. पण तिला हो म्हटलं.

सौमित्रचा फोन. "अनया खूश आहे ना?"

"आहे की."

"गुड." ह्या एका शब्दावर माझं घर उभं आहे.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

अनया कालच्या संध्याकाळच्या विमानानं कॅरीला ट्रेनिंगला गेली, उद्या येईल. सकाळी चहा घेतला आणि पदर खोचला. म्हणजे ओढणी.

आतून आधी. कढत पाणी, डेटॉल, व्हिनेगर, खायचा सोडा, भांडी घासायचा ब्रश. खण, फळ्या, टाय अडकवायची दांडी, कोपरे, सगळं. पाणी काळपट झालं की ओतायचं आणि नवं घ्यायचं. बाहेरून हात लावला तर काहीतरी मेणचट लागे, तेव्हा इंजेक्शनआधी लावतात ते अल्कोहोल फडक्यावर घेतलं. आणि लतिका, काय सांगू! फडकं एकदम तांबूस-तपकिरी! म्हटलं बघा, केवढी घाण! त्या बाईचे आणि तिच्या सात पिढ्यांचे हात. जितकं घासावं तितकं सुटतंय. फडकी बदलली. हात चिकट, नखांत तो मळ, पण आतून कसं समाधान.

दीड दार झालं आणि कंबर धरली. झालेलं दार फिकं दिसतंय, कोरडं, आंघोळ घातल्यासारखं. बाकीची काळवंडलेली. उद्या पोरगी बघेल तर खूश होईल.

२८ सप्टेंबर, शनिवार

खांद्यावरची बॅगही न उतरवता उभी राहिली.

"आजी, व्हॉट डिड यू डू?"

"स्वच्छ केलं. आता बघ बरं वास येतो का."

तिनं दाराला बोट लावलं. बोट चिकटलं, सोडवताना टचकन आवाज आला. "ही घाण नव्हती, आजी. दॅट वॉज द पॉलिश. सगळं पॉलिश काढलंस तू."

"मग पुन्हा लावू. त्यात काय? मेलेल्या बाईचं तसंच वापरायचं का? कशानं गेली, काय दुखणं होतं, कोणास ठाऊक. मला शिसारी येते, अनया."

"अँड आबांचं क्लॉझेट?"

"त्याचं काय?"

"दॅट्स नॉट अ डेड पर्सन्स क्लॉझेट?"

हिला काय म्हणायचंय तेच मला कळेना. म्हटलं, "काहीतरीच काय. ते ह्यांचं आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्चीवरचे, खिडकीतले, ट्रेडमिलवरचे कपडे बॅगेत भरले. होबोकनला मैत्रीण आहे आन्या, तिच्याकडे थोडे दिवस जाते म्हणाली. "मला फक्त माझ्या वस्तू ठेवायला जागा हवी होती, आजी. दॅट्स ऑल."

दारातून परत वळली. मला वाटलं थांबतेय. "डॅडना मी काही सांगणार नाही. डोंट वरी."

म्हणजे तिला माहीत होतं? पहिल्यापासून?

१ ऑक्टोबर, मंगळवार

कपाटाचे खण पाण्यानं फुगले. डावा अर्धवट अडकलाय, उजवा उघडतच नाही. असुंताबाईंनी तोंड फिरवलं.

सौमित्रचा फोन. "अनया कुठे आहे?"

"बाथरूममध्ये."

ह्या वयात पोटच्या पोराशी खोटं बोलले. घर राहावं म्हणून. फोन ठेवला आणि स्वतःचीच घाण वाटली, चूळ भरून आले.

अनयाचा मेसेज येतो, "आय ॲम फाइन आजी," आणि लाल बदाम. फोन उचलत नाही.

पोळ्या लाटताना उगाच डोळ्यांसमोर आलं: माझ्या पोळपाटावर लाल ठिपका. कोणीतरी तो चीज कापायला घेऊन चाललंय. माझ्या साड्यांचे पडदे करायचे म्हणून कोणी लांबी मोजतंय. दोघीजणी माझा खण उचकून खिदळताहेत, आणि त्यांना "शेम" म्हणायला कोणी नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

लूसियाचा नंबर अनयानं फ्रिजवर लावून ठेवला होता. काल फोन केला. "धिस इज पद्मिनी. आय स्पॉइल युअर मदर्स कपबर्ड." ती म्हणाली, "आय विल कम."

आज आली. हातात एक पत्र्याचा डबा आणि जुन्या चादरीच्या चिंध्या. मी बिघडवलेलं दार दाखवायला गेले, पण तिनं तिकडे पाहिलंच नाही. सरळ दुसरं दार उघडलं आणि आत डोकं घातलं. आईच्या मांडीत घालावं तसं. बराच वेळ तशीच.

मग हळूच म्हणाली, "इट्स गॉन."

मी म्हटलं, "येस, येस! आय वॉश व्हेरी वेल. हॉट वॉटर."

"यू डिड," ती म्हणाली. "यू डिड." तिचे डोळे लाल झाले होते. डेटॉल झोंबत असणार, म्हणून मी खिडकी सताड उघडली. तर ती घाईघाईनं म्हणाली, "नो, प्लीज, क्लोज इट."

चहा पाजला. चकली आवडली तिला. मग पॉलिशचं सांगितलं. तिची आई दर वर्षी ईस्टरच्या आधी स्वतः हात फिरवायची, लहानपणी हिलाही बसवायची. डब्यात लाखेचे तांबूस पापुद्रे. स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाची पुरचुंडी करायची, तिच्यावर चिंधी, एक थेंब तेल, आणि गोल गोल फिरवत राहायचं. थांबायचं नाही. थांबलं की चिंधी चिकटते आणि डाग उमटतो.

"आणि ही लाख तर तुमच्याकडूनच येते," ती म्हणाली. "इंडियातून. झाडावरचे किडे ती अंगातून गाळतात."

"किडे?"

"लाखो किडे."

लतिका, मी आयुष्यभर अंड्याचा केक खाल्ला नाही. हॉटेलात सूप विचारून विचारून घेतलं. आणि त्या दिवशी दिवसभर कोपरापर्यंत हात कशात घालून बसले होते, तर किड्यांच्या थुंकीत! लहानपणी तू आणि मी लाखेच्या बांगड्यांसाठी भांडायचो, त्याही त्याच की. मी जाऊन हात धुतले. परत आले तर लूसिया हसत होती. पहिल्यांदाच हसली.

जाताना डबा ठेवून गेली. मी म्हटलं, तूच लाव ना. तर मान हलवली. "आता तुमचं आहे."

८ ऑक्टोबर, मंगळवार

कालपासून घरात हीटर लागलाय. हवा कोरडी झाली, तसे कपाटाचे खण सुटले. सरकतात पुन्हा.

पुरचुंडी घेऊन बसले. चारही दारांवर हात फिरवायचा, म्हणजे रंग एकसारखा येईल. पहिले दोन हात वाया गेले, रेघोट्या उठल्या. घासून काढलं, पुन्हा लावलं. ब्लाउज शिकले तेही असंच. किड्यांचा विचार मनात आला की मी तो गिळून गोल फिरवत राहते. हळूहळू लाकूड पाणी प्यायल्यासारखं गडद होतं. तुटलेली रेघ पुन्हा दिसायला लागली, पहिल्या दारावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर.

हात चालू असला की डोकं भटकतं. म्हटलं, ही लूसिया खिडकी बंद करा का म्हणाली असेल? आणि डोकं आत घालून काय शोधत होती ती? कपाट तर रिकामं.

आणि हात थांबला.

चिंधी चिकटली. ओढून सोडवली, तर तिसऱ्या दारावर वाटीएवढा डाग.

पुढे आज काही केलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळी देवापुढे दिवा लावला, सुई, कात्री आणि शिवणयंत्राला हळदकुंकू वाहिलं. लाखेच्या डब्यालाही लावलं. मग वर जाऊन टॉवेल काढला आणि ह्यांच्या क्लॉझेटचं दार उघडलं.

मला वाटलं होतं हे भेटतील. लतिका, तुला म्हणून लिहिते, मला किळस आली. कुबट, दमट, कोंदटलेला वास. सुटाच्या खांद्यावर पांढरी बुरशी. लोकरीत कसर लागलेली, हात लावला तर भुगा पडला, आणि एक अळी वळवळली. ह्यांचे कपडे, ज्यांना मी इतके दिवस कोणाला हात लावू दिला नाही, ते मी चिमटीत धरून, मान वळवून बाहेर काढत होते. एकदा बेसिनपाशी जाऊन ओकले. मग बेसिन धुतलं आणि परत आले. दुसरं कोण करणार होतं ते?

तळाच्या खोक्यात तपकिरी स्वेटर निघाला, बटणांचा, मीच विणलेला. एका कोपरापाशी कसरीनं खाल्लेला. नाक लावायची हिंमत होईना. लावलं. कॉलरच्या आतल्या बाजूला, शिवणीत, अगदी थोडंसं, हे होते. दाढीचा साबण आणि तपकीर. डॉक्टरनं बंद केलेली तपकीर. म्हणजे शेवटपर्यंत ओढत होते, लबाड.

बाकी सगळं पिशव्यांत भरलं. धुण्यासारखं धुवायला, टाकण्यासारखं टाकायला. क्लॉझेट पुसलं. साध्या पाण्यानं.

स्वेटर धुतला नाही. उन्हात धरला, एकेक अळी वेचली, शी, आणि कोपराचं भोक रफू केलं. घडी घालून कपाटाच्या डाव्या खणात ठेवला आणि खण ढकलला. हळूहळूच बंद झाला, शेवटी श्वास सोडल्यासारखा. आणि उजवा सरकत बाहेर आला. कोरा, रिकामा.

ह्या वेळी मी किंचाळले नाही. म्हटलं, हो हो असुंताबाई, कळलं.

दुपारी सौमित्रला फोन लावला. "अनया बाथरूममध्ये नव्हती. पंधरा दिवस झाले, ती इथे नाही. माझं चुकलं म्हणून गेली. तुला काय करायचं ते कर." तो म्हणाला, "आई, तू जेवलीस का?" जेवले म्हटलं. हे मात्र खोटं होतं. "घराचं बघू नंतर," म्हणाला. बघू म्हणजे काय ते मी विचारलं नाही.

आता अनयाला पत्र. रविवारच्या मराठी शाळेत गेलेली आहे, मोठं अक्षर काढलं तर वाचते. कच्चं इथे लिहिते, मग चांगल्या कागदावर उतरवीन.

प्रिय अनया,

तू कशी आहेस? सर्दी गेली का? आन्या बरी आहे ना, तिच्या सोफ्यावर पाठ दुखते का? देवांग कसा आहे? तो नुसता मित्र आहे हे माझ्या लक्षात आहे.

आबांचं क्लॉझेट रिकामं केलं. तू विचारलं होतंस त्याचं उत्तर त्या दिवशी मला आलं नाही. होतं, बाळ. तेही मेलेल्या माणसाचंच कपाट होतं.

कपाटाला पॉलिश केलं. तू फोनवर बघतेस त्या व्हिडिओंत दाखवतात तसं नाही झालं, पण बोट चिकटत नाही. लूसियाला बोलावलं आहे बघायला, तिला आबांचा स्वेटर दाखवणार आहे. का ते ती समजेल. तिसऱ्या दारावर वाटीएवढा डाग आहे. तो माझा. तो राहू दे.

तुझ्या डॅडना मी सगळं सांगितलं. त्यामुळे घरासाठी म्हणून येऊ नकोस. तुला यावंसं वाटलं तर ये. कपाट होबोकनला हवं असेल तर देवांगला घेऊन ये, फळ्यांवर नंबर आहेत, मी पाचरी काढून देईन. इथे ठेवायचं असेल तर डावा खण मी घेतला आहे. उजवा उघडा आहे, मी तो बंद केलेला नाही.

उत्तर म्हणून मला फोनवर बदाम पाठवू नकोस. तुझ्या हातानं दोन ओळी लिही, चुका झाल्या तरी चालतील. मी पत्रपेटीपाशी जाऊन बघत असते. लवकर लिही.

तुझी आजी